खांदेकरी

समीक्षक आणि बँकेतला कारकून यांच्यात एक मोठं साम्य आहे. दोघंही आयुष्यभर दुसऱ्याची दौलत मोजतात आणि मोजताना चेहरा असा ठेवतात, की पाहणाऱ्याला ती त्यांचीच वाटावी. फरक इतकाच, की कारकुनाला संध्याकाळी हिशेब जुळवून दाखवावा लागतो. समीक्षकावर तशी सक्ती नाही. मी बी.कॉम. झालेला, काउंटरच्या आत बसणारा माणूस. तेव्हा मी समीक्षा लिहायला बसलोय हे पाहून सौ.नं साहजिकच विचारलं,

"कशावर लिहिताय?"

"'विक्रम और बेताल'वर."

"म्हणजे त्या भुताच्या मालिकेवर?"

"हो."

"मग खुशाल लिहा. भुतं काही संपादकांना पत्रं पाठवत नाहीत."

एवढी मोकळीक मिळाल्यावर सुरुवातीलाच सांगून टाकतो. माणसाला बळ कुठून मिळेल याचा काही नेम नाही. कुणाला ते दासबोधातून मिळतं, कुणाला च्यवनप्राशातून, कुणाला वरच्या साहेबाची बदली झाल्याच्या बातमीतून. मला ते एका प्रेतातून मिळालं. गेली चाळीस वर्षं मिळतंय. म्हणून त्या मालिकेचा एकदा रीतसर ताळेबंद मांडावा म्हणतो. जमा तिकडे जमा, नावे तिकडे नावे.

1985 साली दूरदर्शनवर ही मालिका आली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. रामानंद सागरांची निर्मिती, एकूण सव्वीस भाग आणि वेळ रविवारची. तेव्हा वाहिनी एकच असल्यामुळे 'तुमची आवडती मालिका कोणती' असा प्रश्न कुणी कुणाला विचारत नसे. जे लागे ते आवडे. आमच्या शहाडच्या चाळीत एक टीव्ही होता आणि त्याचे मालक दार उघडं ठेवत. प्रेक्षक आत जितके, तितकेच बाहेर. मी उंबऱ्यावर. म्हणजे वेताळ आलाच तर आधी आतल्यांना धरील आणि मला पळता येईल, एवढी दूरदृष्टी त्या वयातही होती. पुढं मी बँकेत लागलो यात आश्चर्य नाही.

कथानक मुंगीच्या पावलाएवढं. राजा विक्रम रात्री स्मशानात जातो, झाडावर लोंबणारं प्रेत उतरवतो, खांद्यावर टाकतो आणि एका साधूकडे निघतो. अट अशी, की वाटेत तोंड उघडायचं नाही. प्रेतात वेताळ आहे. तो गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो आणि बजावतो, की उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. राजा उत्तर देतो. उत्तर बरोबर असतं. वेताळ खूष होतो, खदाखदा हसतो आणि उडून पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. राजा मागं वळतो. पुढचा रविवार.

वेताळाचं काम करणाऱ्या नटाचं नाव सज्जन. हिंदी सिनेमात मुरलेला नट. पांढरे केस, पांढरा चेहरा आणि ते हसू! भीती वाटावी की बोलावून चहा द्यावा, याचा निर्णय प्रेक्षकाला शेवटपर्यंत करता येत नाही. नाव सज्जन आणि काम वेताळाचं, असा हा प्रकार. आमच्या बँकेत ही जोडी बहुधा उलटी आढळते.

विक्रम झाले होते अरुण गोविल. त्यांच्या अभिनयावर टीकाकार म्हणत, की चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. पण मी म्हणतो, कशी हलावी? मानेवर सबंध माणूस बसलेला असताना चेहऱ्यावर नवरस दाखवायला तो काय राजा आहे की नाटकातला राजा? ओझं वाहणाऱ्याचा चेहरा असाच असतो. खात्री करायची असेल तर सकाळी आठच्या सुमारास कोणत्याही लोकलच्या डब्यात पाहावं. तिथं शे-दोनशे अरुण गोविल उभे असतात. पुढं 1987 च्या जानेवारीत सागरांचंच 'रामायण' सुरू झालं आणि गोविल राम झाले. सीता झालेल्या दीपिका चिखलिया, लक्ष्मण झालेले सुनील लाहिरी, रावण झालेले अरविंद त्रिवेदी ही मंडळीही आधी वेताळाच्या मालिकेत येऊन गेली होती. म्हणजे रामराज्याचं प्रोबेशन स्मशानात झालं. 2024 मध्ये गोविल मेरठहून लोकसभेवर निवडून गेले. ज्या माणसानं 'बोललास की काम बिघडलं' ही भूमिका जन्माची गाजवली, तो बोलायच्याच जागी जाऊन बसला.

तांत्रिक करामतींविषयी फार बोलू नये. उडणारा वेताळ कात्रीनं कापून चिकटवल्यासारखा दिसतो आणि स्मशानातल्या धुरापेक्षा आमच्या चाळीत संध्याकाळी शेगड्यांचा धूर जास्त असे. पण तेव्हा कुणी तक्रार केली नाही. भीती वाटायला चित्र स्वच्छ लागत नाही. अंधुक असलं तर बरंच.

आता मुळाकडे जाऊ. ही गोष्ट अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं रचलेल्या 'कथासरित्सागरा'त सापडते. तिथं राजाचं नाव आहे त्रिविक्रमसेन आणि राजधानी आहे गोदावरीच्या काठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण! सांगणाऱ्यांनी सांगता सांगता त्याला उज्जैनीचा विक्रमादित्य करून टाकला. मराठी माणसाची जागा बाहेरच्या उमेदवाराला गेल्याचं इतकं जुनं उदाहरण दुसरं नसेल, आणि त्याबद्दल एकही मोर्चा निघालेला नाही.

बँकवाल्यानं मुळातली सुरुवात तर अवश्य वाचावी. एक साधू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देतो. राजा ते खजिनदाराला देतो. असं दहा वर्षं चालतं. एके दिवशी ते फळ एका माकडाच्या हाती लागतं, माकड ते फोडतं आणि आतून रत्न निघतं. राजा खजिनदाराला विचारतो, बाकीची फळं कुठायत? खजिनदार म्हणतो, महाराज, मी ती खिडकीतून कोठीत टाकत होतो. कोठी उघडून पाहतात तर फळं सडून गेलेली आणि रत्नांची रास पडलेली. दहा वर्षं! पावती नाही, नोंद नाही, रजिस्टर नाही आणि अखेर तपासणी केली ती माकडानं. राजानं त्या खजिनदाराला ती सगळी रत्नं बक्षीस दिली असं सोमदेव सांगतो. इथं मला पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहावं लागलं. आमच्याकडे पाच रुपयांच्या फरकासाठी अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत थांबते.

मराठीला हा वेताळ नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. पुढं 'चांदोबा' मासिकानं तो घरोघरी पोचवला. एका हातात तलवार, खांद्यावर लोंबतं प्रेत आणि मागं वळून पाहणारा राजा, हे शंकर नावाच्या चित्रकारानं काढलेलं चित्र ज्याला आठवत नाही त्यानं बालपण कुठं घालवलं याची चौकशी व्हायला हवी. मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्यावरही मासिक थांबलं नाही. नव्या गोष्टी रचून राजाला वर्षानुवर्षं हिंडवत ठेवलं. राजाला निवृत्तीचं वय नव्हतं, एवढाच याचा अर्थ.

इथवर झाली माहिती. आता मुद्दा.

आमच्या शाखेत एक तरुण मुलगा आहे. कामाला चलाख. तो मला एकदा म्हणाला, "सर, तुम्ही ते जुनंपुराणं काय बघता? 'गेम ऑफ थ्रोन्स' बघा. ड्रॅगन आहेत. बघितलं की अंगात पॉवर येते." मी पाहिली. 2011 ते 2019 अशी आठ वर्षं चाललेली, त्र्याहत्तर भागांची मालिका. ड्रॅगन खरोखरच मोठे आहेत. पण त्यात आणि आमच्यात एक मूलभूत फरक आहे. तिथं माणूस ड्रॅगनच्या पाठीवर बसतो. इथं भूत माणसाच्या पाठीवर बसतं. ज्यांना वाहन मिळालंय त्यांनी ती मालिका पाहावी. आम्ही वाहणारे आहोत.

'शक्तिमान'चंही तेच. 1997 साली तो आला तेव्हा मी कॉलेजात होतो. मुकेश खन्ना स्वतःभोवती गरगर फिरायचे आणि संकट संपायचं. चांगली मालिका. शेवटी मुलांना हिताच्या चार गोष्टीही सांगायचे. पण गरगर फिरून सुटणारं एकही संकट मला अजून भेटलेलं नाही. घरकर्जाच्या हप्त्याभोवती मी पुष्कळदा फिरलो. हप्ता जागचा हलला नाही, मलाच चक्कर आली.

विक्रमाकडे जादू नाही, हे या जादूच्या मालिकेतलं सगळ्यात मोठं सत्य आहे. जादू आहे ती सगळी वेताळाकडे. उडणं त्याचं, हसणं त्याचं, गोष्टी त्याच्या. राजाकडे काय आहे? दोन पाय आणि मागं वळण्याची सवय. बरं, मागं वळताना तो कपाळावर हात मारत नाही, नशिबाला बोल लावत नाही, 'माझ्याच वाट्याला का' असं म्हणत नाही. झाडाकडे जातो, प्रेत उतरवतो, खांद्यावर घेतो, निघतो. हे ज्याला साधेपणाचं वाटतं त्यानं शहाडला राहून पाहावं.

शहाड हे कल्याणच्या पुढचं पहिलं स्टेशन. पहिलं म्हणजे भाग्याचं नव्हे. कल्याणच्या इतकं जवळ आणि तरी कल्याण नसलेलं. कल्याणहून सुटणाऱ्या गाड्यांचा आम्हाला उपयोग नाही. आमच्या नशिबी टिटवाळा, आसनगाव आणि कसारा. एक चुकली की दुसरी येईपर्यंत बिर्ला मंदिरातल्या विठोबाचं स्मरण करीत उभं राहायचं. ती येते तेव्हा टिटवाळ्यानं ती आधीच भरून पाठवलेली असते. म्हणून आमच्याकडचे काही वीर मुंबईला जाण्यासाठी आधी मुंबईच्या उलट्या दिशेला टिटवाळ्यापर्यंत जातात आणि तीच गाडी परत फिरताना बसून येतात. पुढं जायचं तर आधी मागं जावं लागतं, हे विक्रमाला कळलं होतं आणि शहाडकरांना कळलं आहे. बाकीचं जग अजून शिकतंय. खांद्यावर डबा-छत्रीची बॅग, त्याच खांद्यावर शेजारी उभ्या माणसाचं डुलकी घेणारं डोकं, आणि कानात त्याच्या मित्राची न संपणारी गोष्ट. बोलायची सोय नाही. बोललं तर तो आपल्यालाच उत्तर विचारतो.

एवढ्यावर ही मालिका संपली असती तर मी तिला 'चिकाटीचं महत्त्व' या निबंधाचे दहापैकी सहा गुण दिले असते. पण तिच्यात एक दुसरी गाठ आहे आणि खरं बळ मला तिथं सापडलं.

राजा दर वेळी हरतो तो का? दमला म्हणून नव्हे, घाबरला म्हणून नव्हे. उत्तर येतं म्हणून हरतो. मठ्ठ राजा असता तर पहिल्याच फेरीत प्रेत घेऊन साधूकडे पोचला असता. ज्याला न्याय कळतो त्याला गप्प राहता येत नाही, आणि बोललं की सगळी वाट पुन्हा चालावी लागते. गप्प राहावं तर डोक्याची शकलं. बोलावं तर पुन्हा झाड. मला नाही वाटत, नोकरदार माणसाची अवस्था यापेक्षा नेमकी कुणी मांडली असेल.

काही वर्षांपूर्वी मी एका शाखेत होतो. तिथं मुदत ठेवीला आलेल्या म्हाताऱ्या माणसांना विम्याचे कागद पुढं करण्याचा प्रघात होता. टार्गेट असायचं. एक आजी आल्या. नवरा गेलेला, त्याचे आलेले पैसे एका कापडी पिशवीत चेकच्या रूपानं. मुलीच्या लग्नासाठी दोन वर्षांनी हवे होते. त्यांच्यापुढं जो फॉर्म सरकवला होता त्यात पाच वर्षं हप्ते भरायचे होते. आजींनी फॉर्म उलटा धरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाळा, हे एफ.डी.च ना?"

वेताळ हसला तो मला स्पष्ट ऐकू आला. उत्तर ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावरून साहेब पाहत होते. मी म्हणालो, "नाही आजी. हा विमा आहे. एफ.डी.चा फॉर्म हा." झालं. आजींची एफ.डी. झाली, आणि पुढच्या महिन्यात माझं टेबल काउंटरवरून उचलून जुन्या रेकॉर्डच्या खोलीत गेलं. दीड वर्ष मी तिथं होतो. झाड तेच, प्रेत तेच. फक्त लोंबकळायला मी. पण डोकं शाबूत होतं. रात्री झोप लागत होती. त्या दीड वर्षात मी मालिकेचे सगळे भाग पुन्हा पाहिले आणि प्रत्येक भागात राजा तोंड उघडायच्या क्षणी मी घरात मोठ्यानं म्हणायचो, "बोल लेका!" सौ.ला वाटायचं मी क्रिकेट पाहतोय.

नोव्हेंबर 2016 मधली नोटाबंदी आली तेव्हा मी पुन्हा काउंटरवर होतो. नोटा बदलून द्यायची मर्यादा आधी चार हजार, मग साडेचार हजार, मग दोन हजार, आणि मग बदलून देणंच बंद. हे सगळं पंधरा-सोळा दिवसांत. सकाळी एक परिपत्रक खांद्यावर घ्यावं, तर दुपारी ते उडून झाडावर आणि संध्याकाळी तिथं दुसरंच लटकलेलं. रांगेतला प्रत्येक जण गोष्ट सांगायचा आणि शेवटी प्रश्न विचारायचा. त्या दिवसांत हातपाय चालू राहिले ते एकाच विचारानं. राजा पंचवीस वेळा गेला होता. माझी आजची तिसरीच खेप आहे.

आता नावे बाजू. समीक्षकानं दोषही दाखवावे लागतात, नाहीतर त्याला जाहिरातदार म्हणतात.

पहिला दोष राजाच्या निवाड्यांत. चार भावांनी विद्येच्या जोरावर मेलेल्या सिंहाची हाडं जुळवली, मांस चढवलं, कातडं घातलं आणि चौथ्यानं प्राण फुंकला. सिंहानं चौघांना खाल्लं. दोषी कोण? राजा म्हणतो, प्राण फुंकणारा. बुडीत कर्जाच्या चौकशीतही अगदी हेच होतं. हाडं जुळवणारे सुटतात आणि शेवटची सही करणारा सापडतो. राजाचा हा निकाल वाचून मला त्याच्याबद्दलचा आदर थोडा कमी करावा लागला.

दुसरा दोष सौ.नं काढला. एका मुलीशी लग्न करायला तीन तरुण आले. लग्नाआधीच ती मेली. एकजण तिच्या राखेवर झोपून राहिला, दुसऱ्यानं अस्थी गंगेला नेल्या, तिसऱ्यानं मंत्र मिळवून तिला जिवंत केलं. नवरा कोण? राजा म्हणतो, जिवंत करणारा बाप झाला, अस्थी नेणारा मुलगा झाला, राखेपाशी राहिला तो नवरा. मी म्हणालो, "काय बुद्धी आहे!" सौ. भाजी निवडत होती. ती म्हणाली, "ती मुलगी जिवंत झाली ना? मग तिला विचारायचं की." हजार वर्षांत हे वेताळाला सुचलं नाही, राजाला सुचलं नाही आणि सोमदेवालाही नाही. मी ही नोंद नावे बाजूला, सौ.च्या नावानं केली आहे.

तिसरी गोष्ट दोष आहे की गुण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती आहे ओझ्याबद्दल.

26 जुलै 2005. मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. इकडे उल्हास नदी फुगली आणि आमच्या भागात घराघरांत शिरली. आमची खोली तळमजल्याची. अण्णांचा पाय महिनाभर प्लास्टरमध्ये होता, म्हणून मी रजेवर घरीच होतो. आईला शेजारच्या बायकांबरोबर समोरच्या इमारतीच्या जिन्यात पोचवलं. परत आलो तेव्हा पाणी कमरेच्या वर होतं. अण्णांना पाठीवर घेतलं. प्लास्टरचा पाय एका हातात, दुसरा हात भिंतीला. अंतर फार तर पन्नास पावलांचं. आणि अण्णा बोलायला लागले.

"गॅस बंद केलास का?" मी गप्प. "रेशनकार्ड कुठाय?" मी गप्प. "लाइटबिल भरलंयस ना रे?" पाणी छातीपर्यंत आलं होतं. तोंड उघडलं असतं तर दम गेला असता, किंवा पाणी आत आलं असतं. "अरे, मी काय विचारतोय? ऐकू येत नाही का?" उत्तरं सगळी ठाऊक होती. डोकं फुटायच्या बेतात होतं, आणि तेवढ्या पाण्यात मला हसू आलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर अण्णांना टेकवलं आणि मग तीन उत्तरं एका दमात दिली. अण्णा म्हणाले, "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

मुळात वेताळ राजाला पहिल्यांदा भेटतो तेव्हा म्हणतो, की वाट कंटाळवाणी होऊ नये म्हणून तुला गोष्ट सांगतो. लहानपणी हे मला वेताळाचं नाटक वाटायचं. त्या दिवसानंतर वाटेनासं झालं. अण्णा बडबडले नसते तर ती पन्नास पावलं मला जमली नसती. ओझं बोलत होतं तोवर ते जिवंत होतं, आणि मला चालणं भाग होतं.

2017 मध्ये अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. रोज सकाळी त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि रात्री खुर्चीतून पलंगावर न्यायचं, हे काम माझं. वजन निम्म्यावर आलं होतं, पण मला ते पुराच्या दिवसापेक्षा जड लागायचं. कारण आता प्रश्न नव्हते. मग मी एक युक्ती केली. बँकेतून आल्यावर मोबाईलवर मालिकेचा एक भाग लावायचो. सव्वीस संपले की पुन्हा पहिल्यापासून. मधूनमधून पंचविशीतली एखादी गोष्ट वाचून दाखवायचो आणि प्रश्नापाशी थांबायचो. अण्णा डाव्या हाताची बोटं वर करायचे. एक बोट म्हणजे पहिला, दोन म्हणजे दुसरा.

वीरवराची गोष्ट आहे. राजावरचं संकट टळावं म्हणून वीरवर नावाचा चाकर आपला मुलगा बळी देतो. मुलगी त्या दुःखानं मरते, बायको सती जाते, चाकर स्वतःचं शिर कापतो. हे पाहून राजाही स्वतःचं शिर कापायला निघतो. मग देवी सगळ्यांना उठवते. सर्वांत मोठा कोण? विक्रम म्हणतो, राजा. कारण चाकरानं मालकासाठी मरणं हा धर्मच आहे. मालक चाकरासाठी मरायला निघाला हे विशेष. अण्णांनी आयुष्य कारखान्यात काढलेलं. त्यांनी हे उत्तर ऐकलं आणि डावा हात जोरजोरात हलवला. नाही, नाही. मी विचारलं, "मग चाकर?" नाही. "मुलगा?" अण्णांनी होकारार्थी मान हलवली, आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्यांच्या मते ज्याला कुणी काही विचारलं नाही तो सर्वांत मोठा. मी सोमदेवाचं पुस्तक मिटलं. घरात दोन टीकाकार असताना मी एकट्यानंच समीक्षा लिहायची हा तसा अन्यायच.

2019 मध्ये अण्णा गेले. त्यांना शेवटचं खांद्यावर घेतलं तेव्हा बाकी तिघं जण होते, त्यामुळे वजन असं काही लागलंच नाही. वाट स्मशानाचीच होती. मी बोललो नाही. त्यांनीही काही विचारलं नाही.

आता राहिला शेवट. पंचविशीतल्या अखेरच्या गोष्टीत एक राजा आणि त्याचा मुलगा रानात दोन बायकांच्या पावलांचे ठसे पाहतात. मोठ्या पावलांची आई असणार, ती बापानं करायची. लहान पावलांची मुलगी, ती मुलानं करायची, असं ठरतं. पाहतात तर आईची पावलं लहान आणि मुलीची मोठी. शब्द तर दिलेला. बाप मुलीशी लग्न करतो आणि मुलगा तिच्या आईशी. दोघींना मुलं होतात. त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? मराठीत काका, मामा, आत्या, मावशी, साडू, व्याही इतके शब्द असून आमच्या आईनं हे गणित दोन दिवस केलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "असल्या घरात मुलगी देऊच नये."

राजालाही उत्तर येत नाही, म्हणून तो गप्प राहतो. चोवीस वेळा ज्ञानानं हरलेला माणूस पंचविसाव्या वेळी अज्ञानानं जिंकतो. पण त्याची गंमत वाटावी म्हणून ही गोष्ट रचलेली नाही. वेताळ प्रसन्न होतो आणि सांगतो, राजा, तो साधू तुझाच बळी देणार आहे. तो तुला नमस्कार करायला सांगेल. तू म्हण, कसा करतात ते आधी दाखवा. आणि तो वाकला की तलवार चालव. म्हणजे जो चोवीस वेळा उडून गेला त्यानंच राजाचा जीव वाचवला. पहिल्याच फेरीत राजा पोचला असता तर मेला असता. ज्याला आपण रखडणं म्हणत होतो ती सगळी राखण होती.

कोकणात हे लोकांना आधीपासून ठाऊक आहे. वेंगुर्ल्याकडच्या आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. वेतोबा म्हणजे वेताळच. पण तिथं त्याला घाबरून कुणी पळत नाही. तो गावाचा राखणदार. रात्रभर गावाभोवती फिरतो, चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. त्या चपला मी पाहिल्या आहेत. इतक्या मोठ्या, की एकात आमचं बारकं टेबल मावेल. तिथं उभं राहिल्यावर माझ्या मनात आलं, की मालिकेत एवढी एक गोष्ट राहून गेली. वेताळाला चपला दिल्या पण विक्रमाला कुणी दिल्या नाहीत. चालला तर तोच.

तेव्हा ताळेबंद असा. तांत्रिक करामती बेताच्या, स्त्रियांचं मत विचारण्याची पद्धत नाही, एक-दोन निवाडे मालकधार्जिणे. जमेला सज्जन यांचं हसू, गोविल यांची न हलणारी रेघ, आणि हरल्यावर मागं वळणारा एक राजा. शिल्लक भरपूर निघते. ज्यांनी मालिका पाहिली नसेल त्यांनी जरूर पाहावी. एकंदर सव्वीस भाग आहेत. एक तारखेला सुरुवात करून रोज एक पाहिला तर सव्वीस तारखेला संपतात. पगार त्याच्या आधी संपलेला असतो. तेव्हा शेवटचे पाच-सहा भाग विशेष उपयोगी पडतील.